‘सर्व्हर डाउन आहे’ हे पहिल्याच आठवड्यात ठरतं

गेल्या काही महिन्यांत एक मजकूर मला निरनिराळ्या ग्रुपांवरून पाच-सहा वेळा आला. कधी ‘स्टार्टअपवाल्यांनी वाचाच’ अशा मथळ्याखाली, कधी नुसताच. पाठवणारे बहुतेक माझ्याच धंद्यातले, म्हणून जास्त खटकलं. त्याचा गोषवारा असा:

‘सॉफ्टवेअरच्या डिझाइनमध्ये अव्हेलेबिलिटीचा (यंत्रणा हवी तेव्हा चालू असण्याचा) विचार सुरुवातीलाच करणं म्हणजे वेळेची नासाडी. तो प्रश्न इन्फ्रावाल्यांचा (सर्व्हर-नेटवर्क सांभाळणाऱ्यांचा) आहे, नंतर सुटतो. गरज एका ओळीत लिहा: चोवीस तास, 99.99 टक्के. क्लाउडवर गेलात की ते मिळतंच. तरीही धाकधूक असेल तर सगळं डबल करा. सुरुवातीला मांडलेले आकडे अंदाजपंचे असतात, आणि आकडे मांडत बसणारे कधी लाँच करत नाहीत.’

सहा विधानं आहेत. शेवटच्यात थोडं तथ्य आहे, ते तिथे मान्य करीन. बाकीची एकेक करून घेतो.

‘प्रश्न इन्फ्राचा आहे, नंतर सुटतो’

काही वर्षांपूर्वी आमची टीम पश्चिम महाराष्ट्रातल्या एका दूध संघासाठी संकलनाचं सॉफ्टवेअर करत होती. काम साधं. गावातल्या केंद्रावर सकाळी सहा ते आठ आणि संध्याकाळी तेवढाच वेळ दूध येतं. शेतकरी किटली घेऊन येतो, दूध मापलं जातं, नमुना मशीनमध्ये जातो, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) कळतं, त्यावरून दर लागतो, पावती निघते. निविदेत एक ओळ होती: ‘24×7, 99.9 टक्के अपटाइम’. आम्ही ती पाळली. सर्व्हर वर्षभरात तीन-चार तासांच्या वर कधी बंद नव्हता.

केंद्रावरचं इंटरनेट मात्र पावसाळ्यात दिवसाआड जायचं. बाहेर तीस-चाळीस माणसांची रांग, टँकर यायची वेळ झालेली, आणि पडद्यावर गोल गोल फिरणारं चक्र. दूध थांबत नाही. सचिव मुकाट्याने खणातून वही काढायचे, हाताने नोंदी करायचे आणि रात्री नऊला लाइन आली की त्या बसून भरायचे. आमच्या मासिक अहवालात सगळं हिरवंगार, केंद्रावर वही.

मग ठरलं की ऑफलाइन सोय घालू. ‘नंतर सुटतो’ म्हणणाऱ्यांनी पुढचं नीट वाचावं. पावतीचा क्रमांक मध्यवर्ती डेटाबेस देत होता, म्हणजे लाइन नसेल तर पावतीच नाही. दरपत्रक सर्व्हरवर होतं आणि ते अधूनमधून बदलायचं. लाइन नसताना कापलेल्या पावतीला जुना दर लावायचा की नवा, याचं उत्तर कोडमध्ये कुठेच नव्हतं. पशुखाद्याची उधारी पावती काढतानाच थेट खात्यातून वजा व्हायची. दोन दिवस तुटलेलं केंद्र पुन्हा जोडलं की कोणाची बाकी खरी? यातलं एकही सर्व्हर वाढवून सुटणारं नव्हतं. टेबलं बदलली, अहवाल बदलले, हिशेब तपासनिसांना नवी पद्धत समजावली. आठ महिने गेले.

पहिल्या आठवड्यात कोणी ‘लाइन गेली तर केंद्राने काय करायचं?’ एवढं विचारलं असतं, तर पावतीचा क्रमांक केंद्राचा कोड, तारीख, पाळी आणि अनुक्रम असा जोडून केंद्रावरच तयार झाला असता. त्याला एक दुपार लागली असती आणि खर्च शून्य. विचारलं नाही, कारण ‘99.9’ लिहिलेलं होतं आणि सगळ्यांना वाटलं की गरज लिहून झाली.

हार्डवेअर नंतर वाढवता येतं, हे खरं. पण क्रमांक कोण देणार, खरी नोंद कुठली, कोणतं काम कोणाला विचारल्याशिवाय पुढे जाऊ शकतं, हे निर्णय पहिल्या काही आठवड्यांत होतात. मग त्यांच्यावर इमल्यांमागून इमले चढतात.

‘गरज एका ओळीत लिहा: चोवीस तास, 99.99’

ज्यांनी हे लिहिलं त्यांनी कधीतरी आयआरसीटीसीवरून तिकीट काढलंच असेल. त्या संकेतस्थळावरचं आरक्षण रोज रात्री 11:45 ते 12:20 बंद असतं. पस्तीस मिनिटं, दररोज. वर्षाची बेरीज करा: सुमारे 213 तास. टक्केवारी येते 97.57. आमच्या धंद्यात टक्केवारीतले नऊ मोजतात, 99 म्हणजे दोन नऊ, 99.9 म्हणजे तीन. त्या भाषेत हे दोन नऊसुद्धा नाहीत. कोणी मोर्चा काढल्याचं ऐकलंय?

आता दुसरी कल्पना करा. समजा, एखादी आरक्षण व्यवस्था वर्षात एकदाच बंद पडली, तीही फक्त पाच मिनिटं. हिशेबाने 99.999 टक्के, पाच नऊ, पार्टी द्यावी असा आकडा. फक्त ती पाच मिनिटं आली कोकणात गणपतीला जाणाऱ्या गाड्यांचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं त्या सकाळी, 8 वाजून 0 मिनिटांनी. दादर-ठाण्याचे चाकरमानी त्या पाच नवांचं काय करतील, हे मी इथे लिहीत नाही.

म्हणजे गरज वेळेला चिकटलेली असते आणि कामालाही. गाडी कुठवर आली हे पाहणं, पीएनआर तपासणं, तिकीट काढणं आणि रद्द करणं ही चार वेगळी कामं आहेत. एकाचा डाउनटाइम दुसऱ्याच्या डोक्यावर मारता येत नाही. गाडीची स्थिती दोन मिनिटं शिळी दाखवली तर चालते. तीच बर्थ दोघांना दिली तर चालत नाही, त्यापेक्षा खिडकी बंद ठेवलेली परवडते. पहिल्या कामात शिळेपण पत्करून चालू राहायचं, दुसऱ्यात बंद राहणं पत्करून खरेपण सांभाळायचं. ‘चोवीस तास, 99.99’ या ओळीत यातलं काहीच मावत नाही. ती गरज नव्हे, इच्छा आहे.

रात्रीच्या त्या पस्तीस मिनिटांकडे मी आदराने पाहतो, हे जाता जाता सांगतो. रोज ठरलेल्या वेळी दुरुस्तीची खिडकी मिळणं ही चैन आहे. ती सुरुवातीला मागून घेतली तर मिळते. लोकांना चोवीस तासांची सवय लागल्यावर मागायला गेलात तर चपला पडतात.

‘क्लाउडवर ते मिळतंच’

क्लाउडवाले आकडा देतात तो त्यांच्या एकेका तुकड्याचा. तुमचं काम पुरं व्हायला पाच तुकडे एकामागोमाग चालावे लागत असतील आणि प्रत्येक 99.9 टक्के चालत असेल, तर गुणाकार करा: 99.5. वर्षाला साधारण 44 तास. लॉगिनचा ओटीपी पाठवणारा, पेमेंट गेटवे, ग्राहकाची बँक, नकाशावाला, शिवाय तुमचं स्वतःचं कोड, पाच सहज होतात. आणि तुमचं कोड 99.9 चालतं हे मी सौजन्य म्हणून धरलंय.

करारात लिहिलेली हमीही नीट वाचावी. अमेझॉनच्या ईसी टू या सेवेचा 99.99 चा करार तुमची यंत्रं एकाहून अधिक झोनमध्ये, म्हणजे एकमेकांपासून वेगळ्या डेटा सेंटरांमध्ये, पसरलेली असतील तेव्हाचा आहे. एकट्या यंत्राची हमी 99.5. हमी मोडली तर भरपाई म्हणून बिलातला काही टक्का पुढच्या बिलात सूट मिळते. तुमचा बुडालेला धंदा त्यात कुठेच नाही.

आणि 28 फेब्रुवारी 2017 आठवा. उत्तर व्हर्जिनियातल्या केंद्रात अमेझॉनचा एक कर्मचारी एस थ्री या साठवण सेवेच्या बिलिंगचा संथपणा शोधत होता. थोडे सर्व्हर काढायची आज्ञा देताना एक आकडा चुकला आणि भलतेच जास्त सर्व्हर निघाले. दोन मुख्य उपप्रणाली पुन्हा पहिल्यापासून सुरू कराव्या लागल्या, आणि एवढ्या मोठ्या केंद्रात त्या कित्येक वर्षांत पूर्ण बंद-चालू झालेल्याच नव्हत्या. चार तासांहून अधिक वेळ गेला. सेवा बंद आहे हे जगाला सांगणारा त्यांचाच फलकही सुरुवातीला बदलता येईना, कारण फलक बदलायची सोय एस थ्रीवरच उभी होती. खुद्द अमेझॉनने हे सगळं नंतर मोकळेपणाने लिहून जाहीर केलं. मुद्दा त्यांना नावं ठेवण्याचा नाही. कोण कोणाच्या खांद्यावर उभा आहे हे कागदावर काढलं नाही तर ते त्यांनाही दिसत नाही, मग आपली काय कथा.

आपल्याकडची एक जास्तीची गाठ. रिझर्व्ह बँकेने एप्रिल 2018 मध्ये पेमेंटचा डेटा भारतातच ठेवायला सांगितलं. अमेझॉनचं भारतातलं पहिलं केंद्र मुंबईत 2016 ला उघडलं, दुसरं हैदराबादला नोव्हेंबर 2022 मध्ये. मधल्या काळात ज्याने पेमेंटचं काम फक्त त्यांच्यावर बांधलं, त्याला ‘मुंबई बसली तर दुसरं शहर’ ही सोय त्या कंपनीकडे देशात विकतच मिळत नव्हती. हे आधी कळलं तर कंपनी निवडताना उपयोग. नंतर कळलं तर बैल गेला आणि झोपा केला.

‘सगळं डबल करा’

हे विधान सगळ्यांत पटण्यासारखं वाटतं, म्हणून इथे थांबतो.

शाळेतलं संभाव्यतेचं गणित सांगतं: एक यंत्र 99 टक्के चालतं, तर अशी दोन शेजारी ठेवली की 99.99. दोन्ही एकदम पडण्याची शक्यता शंभरात एक गुणिले शंभरात एक. गणित बरोबर आहे, पण त्यात ‘एकमेकांशी संबंध नसलेली’ असे शब्द दडलेले आहेत, आणि घोडं तिथेच पेंड खातं. दहा बिघाडांपैकी एकच बिघाड असा धरा की जो दोन्ही यंत्रांना एकदम पाडतो: तीच वीज, तोच चुकीचा कोड, तेच मुदत संपलेलं सर्टिफिकेट. 99.99 चं लगेच 99.9 च्याही खाली जातं. वर्षाला 52 मिनिटांवरून साडेनऊ तासांवर. दुसऱ्या यंत्राचे पैसे मात्र पूर्ण भरलेले.

24 फेब्रुवारी 2021, बुधवार, मुंबई. राष्ट्रीय शेअर बाजाराचे व्यवहार सकाळी 11:40 ला थांबले आणि दुपारी 3:45 ला सुरू झाले. एरवी साडेतीनला बंद होणारा बाजार त्या दिवशी पाचपर्यंत चालवावा लागला. बाजाराकडे टेलिकॉमच्या अनेक लिंक होत्या, दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या. डबल केलेलंच होतं. दोन्ही कंपन्यांच्या लिंक एकाच दिवशी डळमळल्या. बाजाराने नंतर दिलेल्या खुलाशात रस्त्यालगतच्या खोदकामाचा आणि बांधकामाचा उल्लेख होता. मुंबईत राहणाऱ्याला यात नवल वाटायचं कारण नाही. कंपन्या दोन असल्या तरी रस्ता खणणाऱ्याला बिल कोणाचं हे ठाऊक नसतं.

खरी शिकण्यासारखी गोष्ट पुढची. त्या लिंक मुख्य केंद्राला जवळच्या डीआर (डिझास्टर रिकव्हरी, म्हणजे संकटकाळच्या पर्यायी) केंद्राशी जोडत होत्या. जवळचं केंद्र असतं ते डेटाचा कणही हरवू नये म्हणून. लिंक तुटली तरी मुख्य केंद्राचं स्टोरेज चालू राहायला हवं होतं, तशीच रचना अपेक्षित होती. प्रत्यक्षात ते स्टोरेजच हाताशी येईना. क्लिअरिंगची (झालेल्या सौद्यांचा हिशेब पुरा करण्याची) जोखीम मोजणारी यंत्रणा त्यावर होती, ती गेली. सौदे जुळवणारी यंत्रणा सुरू होती, पण जोखीम मोजल्याशिवाय सौदे होऊ देणं म्हणजे ब्रेक नसलेली गाडी घाटात सोडणं, म्हणून बाजार थांबवला. थांबवला हे योग्यच केलं, असं माझं मत आहे.

इथे बघा काय झालं. डेटा सुरक्षित राहावा म्हणून जोडलेला दुसरा तुकडा पहिल्याला घेऊन बसला. दोन ठिकाणी एकाच वेळी लिहायचं ठरवलंत की मधली तारही तुमच्या यंत्रणेचा अवयव होते. तार तुटली तर थांबायचं की एकाच ठिकाणी लिहून पुढे जायचं, हे कोणीतरी आधी ठरवून, लिहून आणि मुख्य म्हणजे खरोखर तार उपटून पाहिलेलं असावं लागतं. ‘डबल करा’ या दोन शब्दांत हा प्रश्न उद्भवतसुद्धा नाही.

सेबीने पुढच्याच महिन्यात, मार्च 2021 मध्ये, बाजारांसाठी नियम कडक केले: महत्त्वाची यंत्रणा बिघडली तर 30 मिनिटांत ‘डिझास्टर’ जाहीर करायचं आणि त्यानंतर 45 मिनिटांत डीआर केंद्रावरून काम सुरू करायचं. या 45 मिनिटांना आमच्याकडे आरटीओ (रिकव्हरी टाइम ऑब्जेक्टिव्ह, पुन्हा उभं राहायची मुदत) म्हणतात, लायसन्सवालं नव्हे. या दोन आकड्यांनी डिझाइन बदलतं. पाऊण तासात उठायचं तर दुसरं केंद्र जागंच ठेवावं लागतं, माणसं तिथे आधीच बसलेली लागतात, आणि ‘जाहीर कोण करणार’ याची परवानगी साहेबांच्या साहेबांकडे अडकून चालत नाही. आकडा आधी आला असता तर रचना त्याच्याभोवती झाली असती.

‘आकडे अंदाजपंचे असतात’

असतात. पण अंदाजावरूनही निर्णय होतात. चार नऊ म्हणजे वर्षाला 52 मिनिटं. रात्री तीनला डेटाबेस बसला असं धरा. अलार्म वाजायला पाच मिनिटं, ड्युटीवरचा पोरगा डोळे चोळत लॅपटॉप उघडेपर्यंत पंधरा, नेमकं काय झालंय हे कळेपर्यंत वीस, दुसऱ्या यंत्रावर नेईपर्यंत पंधरा. झाली 55. वर्षाचा कोटा एका रात्रीत संपला. माझे आकडे चुकले असतील, पोरगा चपळ असेल, चाळीसच मिनिटं लागतील. तरी दुसऱ्या रात्रीला जागा उरत नाहीच. म्हणजे चार नऊ हवे असतील तर उठवण्याच्या कामात माणूस नको, यंत्राने आपोआप बाजू बदलली पाहिजे. नसेल जमत तर तीन नऊ कबूल करा, पावणेनऊ तास मिळतात, त्यात माणूस बसतो. हा निर्णय पाच ओळींत झाला.

दुसरं, असं आकड्यांचं मॉडेल फक्त टक्के काढायला नसतं. अडचणीत आधी काय सोडायचं हे ठरवायलाही असतं. 12 एप्रिल 2025 ला यूपीआय अडखळलं. नंतर बाहेर आलं की काही बँका ‘त्या व्यवहाराचं काय झालं?’ अशा चौकशांचा भडिमार करत होत्या, जुन्या व्यवहारांच्यासुद्धा. पैसे पाठवणाऱ्यांच्या रांगेत नुसती विचारपूस करणारे घुसले आणि दरवाजा अडला. 1 ऑगस्ट 2025 पासून यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने एका ॲपवर दिवसाला 50 वेळाच शिल्लक तपासता येईल अशी मर्यादा घातली आणि आपोआप कापल्या जाणाऱ्या हप्त्यांना गर्दी नसलेल्या वेळा दिल्या. भाजीवाल्याला पैसे देणं आधी, शिल्लक बघणं नंतर. ही क्रमवारी लावायला कोणताही दशांश बिनचूक असावा लागत नाही.

त्याच घरातलं उलट उदाहरण सप्टेंबर 2022 मधल्या यूपीआय लाइटचं. छोटी रक्कम फोनवरच्या लाइट शिलकेतून जाते, त्या क्षणी पैसे देणाऱ्याच्या बँकेच्या कोअर यंत्रणेला (खात्यांचा मूळ हिशेब ठेवणारीला) विचारावं लागत नाही. साखळीतला सगळ्यांत अडणारा दुवा छोट्या व्यवहारांपुरता बाजूला काढला. हे यंत्र वाढवून झालेलं नाही, चित्र काढून झालं.

‘आकडे मांडणारे लाँच करत नाहीत’

असे लोक मी पाहिलेत, नाही म्हणत नाही. अजून एक ग्राहक नाही आणि तीन शहरांत पसरलेल्या डेटाबेसची आकृती भिंतीवर. त्यांच्यामुळेच असले मजकूर फिरतात, आणि त्यांच्याबद्दल मजकूर लिहिणाऱ्याचा राग रास्त आहे.

पण त्यांची चूक गरज मांडण्याची नसून न मांडण्याची आहे. कामांची यादी करा, प्रत्येकासमोर लिहा: कोणत्या वेळी लागतं, किती वेळ बंद चाललं तर कोण ओरडेल, बंद असताना माणूस काय करेल, शिळं चालेल की चुकीचं अजिबात नको, आणि हे काम कोणाकोणाच्या भरवशावर आहे. मला याला साधारण एक दुपार लागते, चहा धरून. बहुतेक ओळींचं उत्तर ‘काही फरक पडत नाही’ असं येतं, आणि तेव्हाच तीन शहरांची आकृती भिंतीवरून उतरते.

गेल्या वर्षी ओळखीच्या एका वाचनालयासाठी पुस्तकांच्या देवघेवीचं छोटं सॉफ्टवेअर करून दिलं. त्याच्या कागदावर अव्हेलेबिलिटीची गरज अशी आहे: ‘एकच सर्व्हर. रोज रात्री बॅकअप. बंद पडलं तर कार्डावर पेन्सिलने लिहावं, नंतर भरावं. दुरुस्त करणारा गावाला गेला असेल तर सोमवारी सुरू होईल.’ ग्रंथपालांनी ‘सोमवारी’ खोडून ‘मंगळवारी’ केलं, कारण सोमवारी वाचनालय बंद असतं, आणि खाली सही केली.